एकोणनव्वदावा पक्षी

१

खण उघडला तेव्हा आत कापसाची गादी होती, गादीत एका पक्ष्याच्या अंगाएवढा खळगा होता, आणि पक्षी नव्हता.

संग्रहालयाच्या संचालकबाईंनी तो खण तसाच ओढून ठेवला होता, नोंदपालांच्या मुलीला दाखवायला. "हात लावू नका," त्या म्हणाल्या. "इथल्या प्रत्येक पक्ष्याला सोमलाचं विष चोळलेलं आहे."

"माहीत आहे. बाबा घरी आले की आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. मग आम्हाला जवळ घ्यायचे."

पक्षीखोली लांबट होती, खिडक्या उंचावर. दिवसाचा उजेड आत येईपर्यंत शिळा व्हायचा. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी कपाटं, कपाटांत उथळ खण, खणांत पाठीवर निजवलेले पक्षी. पंख अंगाशी घेतलेले, पायांना दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, आणि डोळ्यांच्या जागी कापसाचे पांढरे बोळे. एक खण उघडा असला तरी वाटायचं, बंद खणांतले बाकीचेही आपल्याकडेच बघतायत.

नाहीसा झालेला पक्षी साधासुधा नव्हता. एकशे तीस वर्षांपूर्वी, परक्यांचं राज्य असताना, एका साहेबानं मोहीम काढून मोठ्या डोंगराच्या शिखरावर, भर धुक्यात, तो गोळीनं टिपला होता. जगात तेवढा एकच. साहेबाचं आडनावच त्याला शास्त्रीय नाव म्हणून मिळालं. पुढे सहा मोहिमा त्या शिखरावर चढल्या आणि हात हलवत परतल्या. शेवटी तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. जे काही उरलं होतं ते या खणात होतं.

"छत्तीस वर्षं किल्ली तुमच्या वडिलांकडे होती," संचालकबाई म्हणाल्या. "मी शुक्रवारी पोलिसांत तक्रार देणार. त्यात त्यांचं नाव येणार. त्याआधी घरात कुठे काही सापडलं, तर आणून ठेवा. मी काही विचारणार नाही."

म्हणजे बाबा चोर. त्यांना जाऊन पाच आठवडे झाले होते. त्यांचा चष्मा अजून टेबलावर तसाच होता, काचांवर त्यांच्या बोटांचे ठसे असलेला.

"आज मंगळवार," ती म्हणाली. "मला शुक्रवारपर्यंत इथे सगळ्यांशी बोलू द्या."

"बोला. पण आणखी एक आहे." बाईंनी टेबलाच्या खणातून तीन चिठ्ठ्या काढल्या आणि पत्त्यांसारख्या मांडल्या. "अक्षर ओळखता?"

ओळखायचं काय त्यात. शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या यादीपर्यंत तिचं सगळं आयुष्य त्या अक्षरात लिहिलेलं होतं. तिन्ही चिठ्ठ्यांवर एकच ओळ होती.

*हा पक्षीं येथला नाहीं.*

"पहिली ते गेल्यानंतर आठ दिवसांनी सापडली," संचालकबाई म्हणाल्या. "मग दर आठवड्याला एक."

२

ती मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधायच्या आणि पुस्तक निघालं की विसरून जायचं, हा तिचा धंदा. चूक न सापडलेली रात्र तिला झोप देत नसे. बाबा म्हणायचे, "आपल्या घरात दोघेच नोकरीला, आणि दोघेही ओळी तपासतो. मी मेलेल्यांच्या, तू जिवंतांच्या."

नोंदणीचा कारकून दाराबाहेरच उभा होता. सगळे त्याला शिक्का म्हणत. समोर येईल त्या कागदावर शिक्का उमटवायचा आणि तो खालच्या ट्रेमध्ये टाकायचा, यात त्याची हयात गेली होती.

"ताई, मी आत एकटा जात नाही आता," तो म्हणाला. "तुम्ही हसाल."

"नाही हसत."

"तुमच्या बाबांच्या मृत्यूचा दाखला माझ्या टेबलावर आला, त्यावर माझाच शिक्का आहे. आणि आठ दिवसांनी त्यांची चिठ्ठी. आता खरं काय मानायचं मी? दाखला की चिठ्ठी?"

"चिठ्ठ्या कुठे सापडल्या?"

"ऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी. त्या खणांत दोन-दोन पक्षी आहेत. त्यातल्या एकेकाच्या पायाला. जुनी चिठ्ठी जागेवर, वर ही नवी."

"आणि हरवलेला पक्षी शोधलात कसा?"

शिक्क्याचा आवाज एकदम ताठ झाला. "यादी हातात घेऊन. साहेबाच्या छापील यादीतला एकेक क्रमांक वाचला, खण उघडला, खूण केली. दोन दिवस लागले. यादीतलं सगळं जागेवर, फक्त एकोणनव्वद नाही."

"किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"एक मॅडमकडे, एक माझ्याकडे. मंगळवारी माझी पेंढेकाकांना देतो, डांबरगोळ्या टाकायला. पण त्यांचा विचार करू नका. ते अंगठेबहाद्दर. पगाराच्या कागदावर अजून अंगठा उठवतात." तो जवळ सरकला. "त्या संशोधकाला विचारा. सहा महिने इथे बसलाय. मूळ नमुना बघायच्या परवानगीला पाच महिने लागले. परवानगी आली, खण उघडला, पक्षी गायब. योगायोग म्हणायचा?"

"पाच महिने का लागले?"

"शिक्के लागतात, ताई," तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला.

३

संशोधक वाचनकक्षाच्या कोपऱ्यात, साहेबाच्या टिपणवहीवर वाकून बसला होता. तिशीतला, जाड भिंगांचा चष्मा लावलेला. साहेबाच्या मोहिमेवर तो पुस्तक लिहीत होता. दहा प्रकरणं झाली होती आणि दहाही प्रकरणांचा रस्ता त्या शिखराकडे जात होता.

"मी कशाला चोरू?" तो तिनं विचारण्याआधीच म्हणाला. "वराला कोण पळवतं लग्नाच्या आदल्या दिवशी?"

"पळवतातही. वर पसंत नसला तर."

तो हसला, पण चष्मा पुसायला लागला.

टिपणवही त्यानं तिला दाखवली. साहेब चालता चालता लिहायचा: क्रमांक, तारीख, जागा, कसा मिळाला. जात मागाहून ठरवायची म्हणून पक्ष्याचं नाव नाही. चाळीस ते त्रेचाळीस या नोंदींपाशी अक्षर घसरत गेलं होतं.

"इथे साहेबाला ताप भरला," संशोधक म्हणाला. "अठरा दिवस अंथरुणावर. बघा, 'चाळीस ते त्रेचाळीस, माझ्या कातडी सोडवणाऱ्यानं आणले, त्यानंच चिठ्ठ्या बांधल्या.' एकेचाळीसपुढे लिहिलंय, नदीच्या वळणावरचं बोरूचं बेट, जाळ्यात धरला. साहेबानं बरा झाल्यावर त्याला विचारून लिहिलं असणार."

"त्या माणसाचं नाव?"

"नाही. सगळ्या वहीत नुसतं 'माझा माणूस'. त्या काळी तसंच असायचं."

तिनं पान उलटलं. पुढे एका पानाला पाण्याचे डाग होते.

"परतताना तराफा उलटला," तो म्हणाला. "चौऱ्याऐंशी ते पंच्याण्णव एका पेटीत होते. पेटी वाहून गेली."

"मग एकोणनव्वद कसा वाचला?"

"तो साहेबानं वेगळा ठेवला असणार. स्वतःच्या झोळीत. एवढा मोलाचा पक्षी."

"लिहिलंय तसं?"

"लिहिलं नाही. पण तर्क आहे." त्यानं वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवून बसला. "तुमच्या बाबांनीही मला एक प्रश्न विचारला होता. निवृत्तीनंतर एकदा आले होते, त्याच खुर्चीत बसले. म्हणाले, साहेब तापात असताना आकडे कुणाच्या हातचे? मी हसलो. म्हटलं, आकडे ते आकडे, हात कुणाचा का असेना."

"मग?"

"काही नाही. उठले, खुर्ची आत सरकवली आणि गेले. तेव्हापासून ती खुर्ची मी हलवलेली नाही." तिनं पाहिलं, तर ती त्याच खुर्चीत बसली होती.

४

पेंढेकाकांची खोली अंगणापलीकडे होती. तिथे आता पक्ष्यांत पेंढा कोणी भरत नव्हतं, सगळा कापूस. पण नाव चिकटलं ते चिकटलं. साठीला टेकलेला, बारीक बोटांचा माणूस. समोर फळीवर एक चिमणीएवढा पक्षी उघडा पडला होता आणि काका त्याच्या पोटाची शिवण घालत होते.

"बस, बाळ. वासाची सवय आहे तुला."

वास होताच. डांबरगोळ्यांचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी, गोडसर. फडताळात बरण्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरातली पट्टी. तिला गलबलून आलं, म्हणून ती बरण्या वाचत राहिली. *तुरटी. कापूर. सोमलं - हात लावूं नये.* 'सोमल'वरचं टिंब तिच्या डोळ्यात कुसळासारखं खुपलं. खिशातल्या पेन्सिलीकडे हात गेलाच होता, पण इथे काय दुरुस्त करायचं.

"बाबा इथे बसायचे ना दुपारी?"

"बारा वर्षं. त्यांची पोळी, माझी भाकरी. जेवण झालं की तासभर." काकांनी दोरा दातानं तोडला. "कमी बोलायचे. पण एकदा धरलं की सोडायचे नाहीत."

"काय धरलं होतं अलीकडे?"

काकांनी पक्ष्याचे पाय एकावर एक ठेवले, बांधले. "मी अडाणी माणूस. कातडं सोडवायचं, साबण चोळायचा, शिवायचं. इथे चिठ्ठीला हात लावायचाही मला हुकूम नाही. साहेबाच्या वेळची नियमावली आहे, अजून भिंतीवर आहे बघ."

खरंच होती, काचेत. *कातडी सोडवणाऱ्याने चिठ्ठ्यांस स्पर्श करू नये.*

"बाबांना चोर म्हणतायत, काका."

कापूस वळणारी बोटं थांबली. काकांनी विचारलं, "त्या चिठ्ठ्या वाचल्यास तू?"

"पाहिल्या."

"पाहिल्या," ते म्हणाले, आणि त्या पक्ष्याच्या डोळ्याच्या खाचेत कापसाचा बोळा बसवायला लागले.

५

घरी आई खिडकीशी बसली होती.

"आई, बाबा शेवटी काही म्हणायचे का? संग्रहालयाबद्दल?"

"त्याबद्दल काय म्हणणार. ग्लानीत असायचे. आकडा म्हणायचे. एकेचाळीस, एकेचाळीस. मला वाटलं, तुझं वय सांगतायत. तू यंदा एकेचाळिसाची झालीस ना. मी म्हणायचे, हो हो, झाली, मोठी झाली. मग हात झटकायचे माझा."

बाबांची छापील यादी कपाटात होती, कडेला पेन्सिलीच्या खुणा असलेली. ती यादी तिनं मुद्रित वाचतात तशी वाचली, म्हणजे अर्थाकडे न बघता. एकोणचाळीस, आणि त्याखाली थेट चव्वेचाळीस. मधले चार क्रमांक नाहीत. ऐंशी: दोन पक्षी. ब्याऐंशी: दोन. त्र्याऐंशी: दोन. चौऱ्याऐंशीपासून पंच्याण्णवपर्यंत काही नाही, पेटी बुडाली. फक्त मधेच एकटा एकोणनव्वद.

चार जागा रिकाम्या. चार पक्षी जास्त.

तिनं कोऱ्या कागदावर ते आकडे एकाखाली एक लिहिले: ४०, ४१, ४२, ४३. आणि हसू आवरेना तिला, कारण ही चूक तिनं गेल्या वीस वर्षांत हजार वेळा पकडली होती. शाळेच्या पुस्तकांत आपले आकडे आणि साहेबी आकडे मिसळून छापले जातात, आणि जुळणी करणारा हटकून एकाच ठिकाणी फसतो. आपला चार म्हणजे वरून उघडा राहिलेला आठ. आपला एक म्हणजे त्यांचा नऊ. दोन, तीन आणि शून्य तर सख्खे भाऊ.

आपले आकडे न येणारा कोणीतरी लेखनिक, दूर राजधानीत, त्या चार चिठ्ठ्या समोर घेऊन बसलेला असणार. ४० त्याला दिसला 80. ४२ दिसला 82, ४३ दिसला 83. आणि ४१ दिसला 89.

बाबांना हे कळलं होतं. पक्षी कुठे आहे हेही तिला आता कळलं.

पण चिठ्ठ्या कुणी लिहिल्या? तिनं संचालकबाईंकडून आणलेली एक चिठ्ठी दिव्याखाली धरली. *हा पक्षीं येथला नाहीं.* बाबा जन्मभर जुन्या वळणानं लिहीत. 'नाहीं'वर टिंब, 'नांव'वर टिंब. लहानपणी तिनं विचारलं होतं, वाचताना ऐकू येत नाही मग देता कशाला? ते म्हणाले होते, तिथे पूर्वी एक आवाज होता. तो गेला, पण जागा आपण मोडायची नाही.

'नाहीं'वरचं टिंब बरोबर होतं. 'पक्षीं'वरचं साफ चूक. हा पक्षी, एकच पक्षी. तिथे कधी कुठला आवाज नव्हताच. बाबांच्या हातून मरणानंतरही ही चूक झाली नसती.

अक्षर बाबांचं. टिंब दुसऱ्याचं. ज्याला टिंबं नुसती दिसली होती, शोभेसाठी दिल्यासारखी, कारण तो ती बघून बघून गिरवायला शिकला होता.

सोमलं, तिला आठवलं.

६

शुक्रवारी सकाळी सगळे पक्षीखोलीत जमले. संचालकबाईंच्या हातात तक्रारीचा टाईप केलेला कागद होता. शिक्का दाराला पाठ लावून उभा. संशोधकानं टिपणवही छातीशी धरलेली. पेंढेकाका कपाटांच्या रांगेच्या टोकाशी, जणू काही तिथलाच एखादा नमुना.

तिनं शिक्क्याला विचारलं, "एकेचाळीस नंबरचा खण उघडलात?"

"तो कसा उघडणार? यादीत एकेचाळीस नाहीच. यादीत नाही ते कपाटात नाही, हा इथला नियम."

"उघडा."

तो जागचा हलेना. शेवटी संचालकबाईंनीच खण ओढला. इतकी वर्षं बंद असलेला खण कुरकुरायला हवा होता. तो गुपचूप पुढे आला.

पक्षी ताज्या कापसावर निजला होता. राखी, गळ्यापाशी काळा, चोच किंचित उघडी, ओरडता ओरडता थांबल्यासारखी. पायाला दोन चिठ्ठ्या होत्या. एक जीर्ण, तिच्यावर फिकट शाईत आकडा. दुसरी बाबांची. ही खरोखर बाबांची. तिनं मोठ्यानं वाचली.

*"क्र. ४१. नदीच्या वळणापाशीं, बोरूचें बेट. जाळ्यांत धरिला. साहेब तापानें अंथरुणावर. धरणाराचें नांव कोणीं लिहिलें नाहीं."*

मग तिनं जुनी चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली आणि विचारलं, हा आकडा काय आहे? संचालकबाई म्हणाल्या, एकोणनव्वद. काका टोकावरून म्हणाले, एकेचाळीस. दोघांनी एकाच वेळी.

तिनं चार रिकाम्या जागा आणि चार जादा पक्षी समजावून सांगितले. खरा एकोणनव्वद नदीच्या तळाशी गेला होता, म्हणून या तोतयाला जागा मोकळी मिळाली. बाकीच्या तिघांना मिळाली नाही, म्हणून त्या खणांत दोन-दोन. संशोधक खाली बसला.

"पण साहेबानं शिखराचं वर्णन केलंय," तो म्हणाला. "धुकं, नेम, गोळी. चार पानं."

"दोन वर्षांनंतर, छापील यादी समोर ठेवून. यादीनं सांगितलं, एकोणनव्वद. वहीत एकोणनव्वदपुढे शिखर होतं. मग त्याला आठवलं."

"गोळी नाहीच," पेंढेकाका म्हणाले. सगळे वळले. "गोळीची कातडी मी डोळे मिटून बोटांनी ओळखतो. भोक शिवलं तरी हाताला लागतं. हा पक्षी सहा वर्षांपूर्वी कसर लागली म्हणून माझ्याकडे आला. अंगभर हात फिरवला. कुठेही भोक नाही. तेच मी नोंदपालांना सांगितलं, आणि त्यांनी धरलं."

"काका, चिठ्ठ्या तुम्ही लिहिल्यात," ती म्हणाली.

"ते?" शिक्क्याला हसू फुटलं. "त्यांना लिहिता कुठे येतं?"

"बारा वर्षं दुपारचा एक तास," काका म्हणाले. "त्यांच्या चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन गिरवल्या. पन्नाशीच्या माणसानं अ-आ काढायला घेतलंय म्हटल्यावर तू माझा तमाशा केला असतास, म्हणून अंगठा चालू ठेवला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी या एकाला त्याच्या जागी नेलं. पुढे आजारी पडले ते उठलेच नाहीत. मी भेटायला गेलो तर म्हणाले, बाकी तिघांचं तू बघ. हलवायची छाती झाली नाही माझी. चिठ्ठ्या बांधल्या."

"आणि ते बाबांना चोर म्हणत होते तेव्हा?" तिचा आवाज चढला नाही, पण काकांनी मान खाली घातली.

"चुकलो. नोकरी जाईल म्हणून भ्यालो. रोज वाटायचं, चिठ्ठी वाचून कोणीतरी विचारेल, हा इथला नाही तर मग कुठला? तेवढं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. अक्षर सगळ्यांनी पाहिलं. घाबरले. वाचलं कोणीच नाही."

संचालकबाईंनी तक्रारीचा कागद दुमडला. "पण मूळ नमुना न विचारता हलवणं, हाही गुन्हाच."

"त्यांनी विचारलं नसेल असं वाटत नाही मला," ती म्हणाली.

शिक्का खाकरला. "तीन अर्ज आहेत. तिन्हींवर शिक्का आहे. 'नोंद घेतली.'"

"माझ्यापर्यंत एकही आला नाही," संचालकबाई म्हणाल्या.

"नोंद घेतली की पुढे पाठवायचं नसतं, मॅडम."

७

संचालकबाई वाईट नव्हत्या, अडचणीत होत्या. दोन महिन्यांवर मोठं प्रदर्शन होतं, फलकावर शिखराचं चित्र रंगवून तयार होतं. दार नुसतं लोटून त्यांनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला.

"तक्रार मी मागे घेते. तुम्ही एवढं लिहून द्या, की शेवटच्या काळात वडील वयोमानाप्रमाणे गोंधळले होते. पक्षी चुकून दुसरीकडे ठेवला गेला. त्यांच्या नावाला बट्टा नाही, आमच्याही नाही. पक्षी परत एकोणनव्वदमध्ये जाईल."

म्हणजे चोर नाही, तर वेडा. तिनं तो कागद बराच वेळ पाहिला. सही केली असती तर आईला सांगता आलं असतं, मिटलं सगळं.

"या इमारतीत गोंधळ न झालेला माणूस एकच होता," ती म्हणाली. "मी शुद्धिपत्र लिहून देते. छापील यादीला चिकटवायचं. कोणता क्रमांक कोणता वाचावा, आणि चूक कोणी शोधली. तुमची सही त्यावर."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

उत्तर संशोधकानं दिलं. तो दाराशी कधी येऊन उभा राहिला ते कळलं नव्हतं. "तर मी छापीन. माझी दहा प्रकरणं गेली, मॅडम. अकरावं तरी खरं लिहू द्या."

बाईंनी सही केली. शिक्क्यानं पुढे येऊन शिक्का मारला, आणि या वेळी कागद खालच्या ट्रेमध्ये न टाकता स्वतः छापखान्यात घेऊन गेला. शुद्धिपत्रात बाबांचं पूर्ण नाव होतं, हुद्द्यासकट. तिनं ते तीनदा तपासलं. एकही चूक नव्हती.

पुढच्या आठवड्यात ती, संशोधक आणि पेंढेकाका नदीच्या वळणावर गेले. तीन तासांचा रस्ता. शिखराच्या उलट दिशेला. सहा मोहिमांपैकी एकही इकडे वळली नव्हती. बोरूचं बेट डोक्याहून उंच वाढलं होतं आणि आत हवा हलत नव्हती. पाण्यावर साय धरल्यासारखी शांतता. कुठे काही हललं की ते थांबल्यावर कळायचं.

चटयांसाठी बोरू कापणारी एक बाई गुडघाभर पाण्यात उभी होती. संशोधकानं चित्र पुढे केलं. तो फार अदबीनं बोलला, हा पक्षी पूर्वी इथे असायचा, आता जगात उरलेला नाही, कधी जुन्या माणसांकडून ऐकलंय का वगैरे.

बाईनं ओला हात लुगड्याला पुसला आणि चित्र हातात घेतलं. "ही होय? ही रडवी."

"रडवी?"

"दिसत नाही कधी, नुसती रडते. नवी पोरं घाबरतात. मी काय, आजी कापायची तेव्हापासून ऐकतेय." तिनं तिघांकडे पाहिलं. "कोण म्हणालं उरली नाही?"

कोणी उत्तर देण्याआधी बेटाच्या आतून ते आलं. तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखं, पण मधे श्वास न घेता. एकदा, आणि मग पलीकडून दुसरं. संशोधकाच्या हातातून पेन्सिल पाण्यात पडली. नोंदपालांची मुलगी तशीच उभी राहिली, आणि सहा आठवड्यांत न आलेलं रडू तिला तिथे, अनोळखी बाईसमोर आलं. बाई काही न विचारता पुन्हा बोरू कापायला लागली.

आवाज थांबल्यावर तिनं पिशवीतून नवी नोंदवही काढली आणि स्वतःच्या पेन्सिलीसकट पेंढेकाकांपुढे धरली. "काका, तुम्ही लिहा."

काकांनी काठावर बसकण मारली, वही गुडघ्यावर घेतली. तारीख लिहिली. जागा लिहिली. मग मान वर करून बाईला म्हणाले, "नाव सांगा."

"सांगितलं की. रडवी."

"तिचं लिहितो मागाहून," काका म्हणाले. "आधी तुमचं सांगा."